हृदयाची जखम कोण भरतं?

दर काही महिन्यांनी अशी एखादी बातमी येते की आता हृदय स्वतःला पुन्हा घडवेल. घरातल्या कुणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ती बातमी वाचताना एकच प्रश्न मनात असतो: आमच्या माणसाला याचा काही उपयोग आहे का? बातमीत मात्र उंदीर, मासे, नवजात पिल्लं आणि कुठल्याशा रेणूचं नाव असतं. वाचून झाल्यावरही प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

त्या बातम्यांच्या मुळाशी एक भक्कम संशोधन आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जखमी हृदयात नवा स्नायू उगवेल की तिथे कायमचा वण पडेल, हे ठरण्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो. जंतूंशी लढणाऱ्या म्हणून आपण ज्या पेशी ओळखतो, त्याच इथे मोडतोड उपसतात, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, वण घट्ट करतात आणि काही प्राण्यांत तर स्नायूपेशींना पुन्हा विभागायलाही लावतात. माणसाच्या हृदयातही त्या आहेत. मग आपलं हृदय पुन्हा का वाढत नाही?

## झटक्यात काय आणि किती मरतं

हृदयाच्या एखाद्या धमनीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. साधारण वीस-तीस मिनिटांत पेशी मरायला लागतात आणि हे मरण स्नायूच्या आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे सरकत जातं. डाव्या जवनिकेत, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, सुमारे २ ते ४ अब्ज स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यातल्या १ अब्जापर्यंत पेशी काही तासांत जातात.

कातडी खरचटली तर नवी येते. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं यकृत वाढून ती जागा भरून काढतं. हृदय असं करत नाही, आणि ते किती करत नाही हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक विलक्षण वाट शोधली. १९५० आणि १९६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचंच एक किरणोत्सारी रूप, अचानक वाढलं होतं. १९६३च्या बंदीकरारानंतर ते वर्षागणिक कमी होत गेलं. पेशी जन्मते तेव्हा हवेत जेवढं कार्बन-१४ असतं, त्याची खूण तिच्या डीएनएत राहून जाते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या हृदयातल्या पेशींचं जन्मवर्ष या खुणेवरून काढलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता: पंचविशीत वर्षाला अंदाजे १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. अख्ख्या आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलतात.

म्हणजे क्षमता शून्य नाही. काही तासांत गेलेल्या अब्जभर पेशींपुढे ती नगण्य आहे, एवढंच. पण शून्य नाही या एका गोष्टीवर पुढचं सगळं संशोधन उभं आहे.

## वण पडतो, आणि पडायलाच हवा

मेलेल्या स्नायूच्या जागी कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे भरतात. हाच वण. तो आकुंचन पावत नाही, त्यामुळे उरलेल्या स्नायूवर भार येतो. महिनोन्‌महिने हा भार सोसून हृदय ताणलं जातं, फुगतं आणि अनेकांत पुढे ते कमकुवत होत जातं. म्हणून वणाकडे सगळे खलनायक म्हणून पाहतात.

माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि दुरुस्तीसाठी त्याला एक मिनिटही थांबता येत नाही. वाहतूक चालू ठेवून पुलाचा तुटलेला भाग दुरुस्त करायचा असेल, तर तिथे आधी लोखंडी पत्रा टाकावा लागतो. सुबक बांधकामाची वाट पाहत बसलं तर पूलच कोसळेल. हृदयातही तसंच होतं. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, मेलेला स्नायू मऊ पडलेला असतो आणि कोलॅजन अजून पुरेसं भरलेलं नसतं, तेव्हा काही रुग्णांत हृदयाची भिंत फाटते आणि ते बहुधा जीवघेणं ठरतं. वण वेळेवर आणि पुरेसा पडणं ही जगण्याची अट आहे.

तेव्हा ‘वण कसा टाळायचा’ असा प्रश्न घेऊन निघालो तर वाट चुकते. ज्या प्राण्यांना हृदय पुन्हा घडवणं जमतं, ते आधी तात्पुरता वण घालतात आणि नंतर तो विरघळवून तिथे स्नायू आणतात. आपल्याकडे पत्रा पडतो आणि तसाच राहतो.

## मॅक्रोफेज: एक ओळख

या सगळ्या कामात एक पेशी मध्यवर्ती आहे. तिचं नाव मॅक्रोफेज, म्हणजे मोठी भक्षक पेशी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला होता. परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी ही कल्पना तिथून आली आणि १९०८ साली त्याला या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं, पाउल एर्लिच यांच्यासोबत विभागून.

पुढची बरीच वर्षं मॅक्रोफेजची ओळख ‘जंतू खाणारी पेशी’ एवढीच राहिली. निरोगी हृदयातही, एकही जंतू नसताना, त्या स्नायूपेशींच्या मधे वस्तीला असतात हे नंतर कळलं. तिथे त्या करतात काय? २०१७ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे जिथे विद्युतसंदेशाने जोडले जातात, त्या नाक्यावर मॅक्रोफेज दाटीने असतात आणि स्नायूपेशींना चिकटून संदेश पुढे जायला मदत करतात. उंदरांतून त्या काढून टाकल्या तर संदेश अडखळला. २०२० साली माद्रिदमधल्या संशोधकांना आढळलं की स्नायूपेशी आपली निकामी झालेली ऊर्जाकेंद्रं पिशव्यांत भरून बाहेर टाकतात आणि मॅक्रोफेज त्या उचलून नेतात. म्हणजे या पेशी रोजच्या घरकामात आहेत. जखम झाल्यावरच त्या धावून येतात असं नाही.

हृदयातल्या मॅक्रोफेज दोन घराण्यांतल्या असतात, आणि पुढचं समजायला हा फरक लक्षात ठेवावा लागेल. काही पेशी गर्भावस्थेतच हृदयात येऊन स्थायिक होतात आणि तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. त्यांना आपण रहिवासी म्हणू. दुसऱ्या रक्तातून येतात: अस्थिमज्जेत तयार झालेल्या मोनोसाइट नावाच्या पेशी हृदयात शिरून मॅक्रोफेज बनतात. त्यांना पाहुण्या म्हणू. माणसातही हे दोन गट आहेत याचा पुरावा हृदय-प्रत्यारोपणातून मिळाला. स्त्रीचं हृदय पुरुषाला किंवा पुरुषाचं स्त्रीला बसवलेलं असेल, तर लिंग-गुणसूत्रांवरून पेशी मूळ मालकाची की नव्या शरीराची हे ओळखता येतं. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०१८ साली अशी हृदयं तपासली तेव्हा एक गट बराचसा दात्याचाच राहिलेला दिसला, तर दुसऱ्यात नव्या शरीरातून आलेल्यांचा भरणा होता.

## जखमेवर कोण कधी येतं

स्नायूपेशी मरताना फुटतात आणि त्यांच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. प्रतिकारशक्तीसाठी हीच धोक्याची घंटा. जंतू नसले तरी ती वाजते. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने शिरतात. त्या आक्रमक असतात, मोडतोड विरघळवणारी रसायनं सोडतात आणि त्या भरात काठावरच्या जिवंत पेशींचंही नुकसान करतात. म्हणून त्या नसत्या तर बरं, असं बराच काळ वाटत होतं. पण २०१७ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात न्यूट्रोफिल कमी केले तेव्हा जखम भरण्याचं काम आणखी बिघडलं. पुढे येणाऱ्या मॅक्रोफेजना ‘आता खायला लागा’ हा निरोप न्यूट्रोफिलच देत होते.

त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात. इतक्या झपाट्याने एवढ्या मोनोसाइट कुठून येतात हे कोडं २००९ साली सुटलं: प्लीहेत त्यांचा साठा असतो आणि हृदयाला इजा झाली की तो रक्तात सोडला जातो. छातीतल्या जखमेसाठी पोटाच्या कोपऱ्यातला एक अवयव गोदाम उघडतो, हे वाचून मी थक्क झालो होतो.

उंदरांत पहिले चारेक दिवस या पाहुण्या पेशींचा अवतार उग्र असतो. त्या मेलेल्या पेशी आणि तुटलेले धागे उपसतात आणि दाह, म्हणजे सूज आणणारी प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया, वाढवणारे संदेश सोडतात. मग पाचव्या दिवसाच्या आसपास वारं फिरतं. आता जखमेत शांत, बांधणी करणाऱ्या मॅक्रोफेजचं प्रमाण वाढतं. त्या नव्या रक्तवाहिन्यांना आमंत्रण देतात आणि कोलॅजन विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात. माशांत आणि उंदरांत तर काही मॅक्रोफेज स्वतःच कोलॅजन तयार करताना २०२० साली आढळल्या. उग्र आणि शांत या दोन वेगळ्या टोळ्या आहेत असं आधी वाटत होतं. नंतर लक्षात आलं की बऱ्याचदा आधी उग्र असलेलीच पेशी नंतर शांत होते.

कशामुळे? एक मोठं कारण म्हणजे तिने केलेलं भक्षण. मरती पेशी नीट गिळली की मॅक्रोफेजच्या आतली यंत्रणा पालटते आणि ती दाह शमवणारे संदेश सोडू लागते. मरत्या पेशीला पकडण्यासाठी तिच्या अंगावर एक खास हात असतो, त्याचं नाव मेर-टीके. ज्या उंदरांत हा हात नसतो, त्यांच्या हृदयात कचरा साचून राहतो आणि जखम जास्त चिघळते. साफसफाई आणि पुनर्बांधणी ही दोन वेगळी कामं नाहीत. पहिलं काम पुरं झाल्याचा निरोप हीच दुसऱ्याची सुरुवात आहे. या विषयातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

## ज्यांना जमतं ते प्राणी

झेब्राफिश हा बोटाएवढा पट्टेदार मासा. २००२ साली त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा सुमारे २० टक्के भाग कापून पाहिला, तर दोन महिन्यांत तो पुन्हा वाढलेला होता. आणि हे काम उरलेल्या स्नायूपेशींनीच विभागून केलं होतं.

सस्तन प्राण्यांना हे जमणारच नाही असं तेव्हा वाटे. २०११ साली डॅलसमधल्या संशोधकांनी एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. तीन आठवड्यांत ते भरून आलं. तीच शस्त्रक्रिया सात दिवसांच्या पिल्लावर केली, तर वण पडला. एकाच प्राण्यात, एकाच आठवड्यात, ही क्षमता असते आणि निघूनही जाते! माणसाच्या बाळात असं होतं का, हे प्रयोगाने तपासणं अर्थातच अशक्य. पण जन्मतःच मोठा झटका आलेल्या एका बाळाचं हृदय नंतर जवळजवळ पूर्ववत काम करू लागल्याची नोंद २०१६ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. एका बाळावरून नियम बांधता येत नाही, तरी ती नोंद विसरताही येत नाही.

पिल्लाच्या या क्षमतेत मॅक्रोफेजचा हात आहे का, हे त्याच डॅलसच्या गटाने २०१४ साली तपासलं. एक दिवसाच्या पिल्लांतल्या मॅक्रोफेज औषधाने नष्ट केल्या आणि मग हृदयाला इजा केली. ज्या वयात हृदय हमखास भरून येतं, त्या वयात वण पडला. नव्या रक्तवाहिन्याही नीट फुटल्या नाहीत. अॅक्सोलॉटल या जातीच्या सॅलॅमँडरचं हृदयही एरवी भरून येतं. २०१७ साली त्याच्यातल्या मॅक्रोफेज काढल्या तेव्हा कायमचा वण राहिला. इथे लक्ष द्यायची गोष्ट अशी की स्नायूपेशी नेहमीसारख्याच विभागत होत्या. म्हणजे नुसत्या नव्या पेशी जन्मून भागत नाही. त्यांना जागा मोकळी करून देणारंही कुणी लागतं.

सर्वात बोलका पुरावा मला माशांच्या एका जोडीत दिसतो. मेडाका नावाचा मासा झेब्राफिशएवढाच, तसाच प्रयोगशाळेत वाढणारा, पण त्याचं हृदय पुन्हा वाढत नाही. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दोघांना सारखीच इजा करून तुलना केली. मेडाकात मॅक्रोफेज उशिरा आणि कमी आल्या. मग त्यांनी मेडाकाला विषाणूचा भास निर्माण करणारं एक रसायन टोचलं. प्रतिकारशक्ती लवकर जागी झाली, रक्तवाहिन्या फुटल्या, स्नायूपेशी विभागू लागल्या आणि वण कमी झाला. उलट, झेब्राफिशमध्ये मॅक्रोफेजना मुद्दाम उशीर करवला तेव्हा त्याचं हृदय नीट भरून आलं नाही. काही दिवसांच्या उशिराने एवढा फरक पडला.

या कहाणीत मॅक्रोफेज एकट्या नाहीत. टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपैकी काही प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या असतात. झेब्राफिशच्या जखमी हृदयात त्या स्नायूपेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन सोडतात. याच पेशी मज्जारज्जूच्या जखमेत गेल्या तर वेगळं प्रथिन सोडतात आणि डोळ्याच्या पडद्यात आणखी तिसरं. ज्या अवयवात जाव्यात तिथली गरज ओळखून त्या मदत करतात.

## पिल्लातली मॅक्रोफेज वेगळं काय करते

प्रौढ उंदरातही मॅक्रोफेज येतात, खातात, शांत होतात. तरी स्नायू वाढत नाही. फरक कुठे आहे?

एक उत्तर घराण्यांत सापडतं. पिल्लाच्या जखमी हृदयात गर्भापासूनच्या रहिवासी पेशींची संख्या वाढते आणि काम बहुतेक त्याच करतात. प्रौढ हृदयात रहिवासी पेशी जखमेत मोठ्या प्रमाणात मरतात आणि त्यांची जागा रक्तातून आलेल्या, जास्त दाहक पाहुण्या घेतात. प्रौढ उंदरांत या पाहुण्यांना अडवलं तर रहिवासी टिकतात आणि जखम कमी चिघळते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरं उत्तर २०२५ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून आलं आणि अलीकडच्या बातम्यांमधला ‘रेणू’ तो हाच. नवजात उंदराची मॅक्रोफेज मरती पेशी गिळते, तेव्हा तिच्या आत थ्रॉम्बॉक्सेन नावाचा मेदापासून बनणारा रेणू तयार होतो. तो आजूबाजूच्या स्नायूपेशींपर्यंत पोहोचतो आणि त्यांना विभागायला उद्युक्त करतो. प्रौढ मॅक्रोफेज तीच पेशी गिळते, पण हा रेणू तशा प्रमाणात बनवत नाही. भक्षण तेच, पण त्यातून निघणारा निरोप वेगळा.

थ्रॉम्बॉक्सेन हे नाव हृदयरोगतज्ज्ञांना फार जुनं माहीत आहे, आणि ते चांगल्या कारणासाठी नाही. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटून गुठळी करतात त्यामागे हाच रेणू असतो. अॅस्पिरिन तो बनू देत नाही, म्हणून तर ती झटक्यानंतर दिली जाते. तेव्हा ही बातमी वाचून ‘मग अॅस्पिरिन बंद करावी का?’ असं कुणाला वाटलं, तर उत्तर स्पष्ट आहे: नाही, बंद करू नये. प्रौढ माणसाच्या धमनीत थ्रॉम्बॉक्सेन गुठळी करेल; स्नायू उगवेल असं कुणीही दाखवलेलं नाही. या शोधाचा उपयोग व्हायचा असेल तर तो निरोप फक्त स्नायूपेशींपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग काढावा लागेल.

## मग दाह औषधाने दाबून टाकला तर?

दाहाने नुकसान होतं हे खरं, म्हणून ही शंका रास्त आहे. डॉक्टरांनी हे फार पूर्वी करून पाहिलं आहे. १९७०च्या दशकात झटक्यानंतर मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देऊन पाहिली गेली. १९७६च्या एका छोट्या अभ्यासात मेलेल्या स्नायूचं क्षेत्र वाढलेलं दिसलं. १९७८ साली प्राण्यांत आढळलं की स्टेरॉइडमुळे मृत पेशी उचलल्याच गेल्या नाहीत, ममीसारख्या जागच्या जागी पडून राहिल्या. साफसफाई थांबली की बांधणीही थांबते, हे तेव्हाच समोर आलं होतं. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हानीचं चित्र तितकं गडद राहिलं नाही, पण स्टेरॉइड हा उपचार म्हणून रुजला नाही तो नाहीच.

मग सरसकट दाबण्याऐवजी एकेक धागा पकडून पाहणं सुरू झालं. २०१७ साली पूर्ण झालेल्या कँटोस या चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. दाह पेटवणाऱ्या एका विशिष्ट संदेशाला अडवणारं इंजेक्शन त्यांना दिलं. मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. प्रतिकारशक्तीचा एक धागा ओढला की दुसरीकडे वीण उसवते.

गाउट या प्रकारच्या संधिवातावरचं जुनं, स्वस्त औषध कोल्चिसीन हेही असंच. २०१९ साली ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत पुढच्या हृदयघटना २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि २०२३ साली अमेरिकेत त्याला हृदयरोगासाठी मान्यता मिळाली. पण २०२४ साली ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसीनचा फायदा दिसला नाही. शिवाय या चाचण्यांनी पाहिलं ते पुढचा झटका टळतो का. गेलेला स्नायू परत येतो का, हा प्रश्न त्यात नव्हताच. बातम्यांत या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

## स्टेम सेलने हे काम होत नाही का?

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा. या शतकाच्या सुरुवातीला अस्थिमज्जेतल्या किंवा हृदयातल्याच मूलपेशी नवा स्नायू बनवतात असे दावे झाले आणि जगभर हजारो रुग्णांवर प्रयोग झाले. त्यातल्या एका मोठ्या शाखेचा पाया ठिसूळ निघाला. २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांनी या शाखेतले आघाडीचे संशोधक पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतून आलेले ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली, कारण त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती होती. आशेने सुया टोचून घेतलेल्या रुग्णांचा विचार केला की या प्रकाराचा संताप येतो.

तरी काही चाचण्यांत रुग्णांना थोडाफार फायदा झाल्यासारखा दिसत होता, तो कशामुळे? सिनसिनाटीतल्या संशोधकांनी उंदरांवर याचा छडा लावला. त्यांनी जखमी हृदयात जिवंत पेशी टोचल्या, मारून टाकलेल्या पेशी टोचल्या आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक रसायनही टोचलं. तिन्हींनी हृदयाचं काम सुधारलं! मॅक्रोफेज काढून टाकल्यावर मात्र फायदा नाहीसा झाला. याचा अर्थ टोचलेल्या पेशी स्नायू बनत नव्हत्या. त्यांच्यामुळे मॅक्रोफेज जाग्या होत होत्या आणि जखमेच्या काठावरचा वण अधिक चांगला घडत होता.

## उंदरात जमलं म्हणून माणसात जमेल?

जमेलच असं नाही, आणि अडचण फक्त प्रतिकारशक्तीची नाही. प्रौढ स्नायूपेशी आकुंचनाच्या यंत्रणेने गच्च भरलेली असते. विभागायचं तर ती आधी मोडावी लागते. प्रौढ माणसांच्या बहुतेक हृदय-स्नायूपेशींत गुणसूत्रांच्या दोनाऐवजी चार किंवा जास्त प्रती असतात आणि अशा पेशी सहजी विभागत नाहीत. जन्मानंतर मिळणारा भरपूर प्राणवायू आणि वाढलेलं थायरॉइड संप्रेरकही विभाजनाला लगाम घालतात. उष्ण रक्ताचं शरीर चालवण्यासाठी आपण ही किंमत मोजली असावी, असा काही शास्त्रज्ञांचा कयास आहे. मॅक्रोफेजने कितीही आग्रह केला तरी ऐकणारी पेशी तयार हवी.

आणि ती तयार झाली तरी नव्या पेशींनी जुन्यांच्या ठेक्यात धडधडायला हवं. एखादा पुंजका वेगळ्या लयीत चालला तर जिवावर बेतणारी अनियमितता उद्भवू शकते.

म्हणून मला वाटतं, जवळच्या काळात मिळण्याजोगं यश ‘नवं हृदय उगवणं’ हे नसेल, तर ‘वण चांगला पडणं’ हे असेल: वेळेवर पडणारा, लहान, लवचीक आणि पसरत न जाणारा वण. बातमीत ते रुक्ष वाटेल. रुग्णाला मात्र त्यातून जिना चढण्याची ताकद आणि हाती जास्त वर्षं मिळू शकतात.

त्या दिशेने काही पावलं पडली आहेत. केंब्रिजमधल्या एका छोट्या चाचणीत हृदयरुग्णांना इंटरल्युकिन-२ हे संदेशप्रथिन अगदी कमी मात्रेत दिलं. आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढल्या आणि ते सुरक्षित ठरलं. २०२२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, कोविडच्या लशींत वापरलेल्याच एम-आरएनए तंत्राने, उंदरांच्या टी-पेशींना काही काळापुरतं वण विणणाऱ्या पेशी ओळखायला शिकवलं. जादा वण कमी झाला, हृदयाचं काम सुधारलं आणि ही शिकवण काही दिवसांत आपोआप विरली. आपोआप विरणं इथे फार मोलाचं आहे, कारण वण विणणाऱ्या पेशी कायमच्या हटवल्या तर पुढची कुठलीच जखम नीट भरणार नाही.

## आज झटका आलेल्या माणसासाठी यात काय आहे

यातलं कुठलंही पुनर्निर्माणाचं औषध आज डॉक्टर लिहून देऊ शकत नाहीत. आजही सर्वात जास्त स्नायू वाचतो तो बंद धमनी लवकर उघडल्याने, म्हणून छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असं काही झालं की थांबून पाहू नये. वर सांगितलेलं सगळं संशोधन मेलेल्या स्नायूबद्दल आहे. न मेलेला स्नायू त्याहून कितीतरी मोलाचा.

झटक्यानंतर अंगदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. अॅस्पिरिन किंवा दुसरं कुठलंही लिहून दिलेलं औषध एखाद्या बातमीवरून बंद करू नये, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून काही सुरूही करू नये. जखमी हृदयाला जास्त किंवा कमी प्रतिकारशक्तीची गरज नसते, योग्य दिवशी योग्य अवस्थेत असलेल्या पेशींची असते, आणि हे घडवून आणणारी गोळी अजून बनलेली नाही. पैसे घेऊन हृदयात मूलपेशी टोचून देतो म्हणणारं कुणी भेटलं, तर ही नोंदणी झालेली, मान्यताप्राप्त चाचणी आहे का आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत, हे दोन प्रश्न विचारावेत आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये.